एचआयव्हीचा प्रतिबंध आणि सामाजिक शास्त्रांचे कार्य

एचआयव्ही ह्या विषाणूचा शोध १९८३ साली पॅरिस येथील पाश्चर संस्थेत लागला. रक्तातील त्याची प्रतिद्रव्ये ओळखण्याची परीक्षा १९८५ मध्ये उपलब्ध झाली आणि १९९६ पासून अनेक औषधांच्या संयुक्त उपचाराने संसर्गित व्यक्तीचे आयुष्य दीर्घकाल टिकविणे शक्य झाले. शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि माता ते अपत्य हे संक्रमणाचे मार्गही फार पूर्वीच निश्चित झाले. रोगाचे कारण, त्याचा मार्ग, त्याचे निदान आणि त्याचा उपचार ह्या चारही गोष्टी अशा रीतीने ज्ञात आहेत. असे असूनही २०२३ ह्या एका वर्षात जगातील सुमारे १३ लक्ष व्यक्तींना नव्याने संसर्ग झाला, असा संयुक्त राष्ट्रसंघाच्या एड्सविषयक कार्यक्रमाचा अंदाज आहे. साधने ज्ञात असणे आणि त्या साधनांचा परिणाम घडून येणे ह्या दोहोंमध्ये एवढे अंतर का राहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या अंतराचे एक सोपे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते असे की, लोक अज्ञानी किंवा बेफिकीर असतात. तेव्हा वैद्यकाने उपाय शोधून द्यावा आणि वर्तनशास्त्राने तो लोकांच्या गळी उतरवावा. ह्या कार्यविभागणीत सामाजिक शास्त्रांच्या वाट्यास केवळ प्रचारकाचे काम येते. संशोधन संपल्यानंतर त्यांना पाचारण करावयाचे आणि भित्तिपत्रकांचा मजकूर सिद्ध करून घ्यावयाचा, एवढाच त्यांचा उपयोग मानला जातो. गेल्या चार दशकांतील अनुभव ह्या समजुतीस अनुकूल नाही. त्या अनुभवाचा साररूप निष्कर्ष असा सांगता येईल की, ज्याला ‘व्यक्तीचे वर्तन’ म्हटले जाते ते पुष्कळदा त्या एकट्या व्यक्तीचे नसतेच. ते दोन किंवा अधिक व्यक्तींमधील संबंधाचे, त्या संबंधातील सत्तेचे आणि त्या सभोवतालच्या संस्थांचे वर्तन असते. हा संबंध कोणता आहे हे शोधून काढणे, हे सामाजिक शास्त्रांचे पहिले कार्य होय. ते झाल्यावाचून उपदेश कोणाला करावयाचा हेदेखील ठरविता येत नाही.

वर्तन कोणाचे?

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली तेव्हाच्या मद्रास शहरात आढळून आला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला ह्यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले, त्यांत तो प्रथम दिसला. वैद्यकीय दृष्ट्या हा शोध अत्यंत महत्त्वाचा होता. परंतु ज्या गटात रोग प्रथम शोधला गेला त्या गटाचाच तो रोग आहे, असा समज ह्यानंतर समाजात रूढ झाला. ‘अतिजोखमीचे गट’ ही साथशास्त्रातील संज्ञा हिशेबाच्या सोयीसाठी निर्माण झालेली होती. व्यवहारात तिने नैतिक वर्गवारीचे रूप धारण केले. ह्या गटांबाहेरील मनुष्य स्वतःला आपोआप सुरक्षित समजू लागला.

ह्या समजुतीस मोठा धक्का देणारी पाहणी पुण्यात झाली. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांचे सहकारी ह्यांनी पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत मे १९९३ ते जुलै १९९६ ह्या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी ५२५ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या होत्या व ३९१ तशा नव्हत्या. पहिल्या गटात संसर्गाचे प्रमाण ४९.९ टक्के आढळले, ह्यात अनपेक्षित असे काही नव्हते. दुसऱ्या गटात मात्र ते १३.६ टक्के निघाले. ह्या दुसऱ्या गटातील बहुतेक स्त्रिया विवाहित होत्या आणि पतीखेरीज अन्य कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. जोडीदाराला गुप्तरोग असणे, ही त्यांच्या संसर्गाशी निगडित अशी एक प्रमुख बाब ठरली.

ह्या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘एकनिष्ठ राहा’ हा त्या काळच्या प्रचारातील प्रमुख उपदेश होता. ह्या स्त्रियांनी तो उपदेश होण्यापूर्वीच पाळलेला होता. त्यांच्या वर्तनात बदल घडवून आणण्याजोगे काहीच नव्हते. आणि जे बदलावयास हवे होते ते त्यांच्या अधिकारातले नव्हते. पतीच्या बाहेरील संबंधांविषयी प्रश्न विचारणे किंवा त्याला कंडोम वापरावयास सांगणे, ह्या दोन्ही गोष्टींचा अर्थ संसारात पतीवर अविश्वास दाखविणे असा होतो. आणि जी स्त्री अन्नवस्त्रासाठी त्याच्यावरच अवलंबून आहे तिला तो अविश्वास परवडत नाही. अशा स्त्रीच्या ‘जोखमीच्या वर्तना’चा शोध घेणारी प्रश्नावली कितीही काळजीपूर्वक सिद्ध केली तरी ती रिकामीच परत येणार. जोखीम तिच्या वर्तनात नसून तिच्या विवाहात होती.

निर्णय कोणाच्या हाती?

वर्तन जर संबंधात वसत असेल तर त्यात बदल घडविण्याचा मार्गही संबंधातूनच जावयास हवा. ह्याचे सर्वांत अभ्यासिलेले भारतीय उदाहरण म्हणजे कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तीतील प्रकल्प होय. अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेतील डॉ. स्मरजित जाना ह्यांच्या नेतृत्वाखाली तो १९९२ साली सुरू झाला. आरंभीच्या पाहणीत कंडोमचा नियमित वापर सुमारे ३ टक्के आढळला. प्रचलित पद्धतीप्रमाणे पाहता ह्यावरचा उपाय म्हणजे आरोग्यशिक्षण. त्यासाठी त्याच व्यवसायातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन कार्यकर्त्या म्हणून नेमण्यात आले. त्या घरोघरी जाऊन माहिती देऊ लागल्या.

परंतु ह्या कार्यकर्त्यांकडून जी माहिती परत येऊ लागली ती प्रकल्पाच्या मूळ कल्पनेस छेद देणारी होती. ज्ञानाचा अभाव ही मुख्य अडचण नव्हती. कंडोम नाकारणारे गिऱ्हाईक परत पाठविले तर ते शेजारच्या दारी जाते, त्या दिवसाचे उत्पन्न बुडते, घरमालकिणीचा रोष होतो आणि सावकाराचे व्याज तसेच उभे राहते. वर पोलिसांची धाड आणि गुंडांची खंडणी ह्यांची भीती असतेच. जिला आजची रात्र कशी निघेल ह्याची चिंता आहे, तिला आठदहा वर्षांनी प्रकट होणाऱ्या रोगाचे भय दाखविणे निष्फळ होते. एकटी स्त्री नकार देऊ शकत नव्हती. सर्वांनी मिळून दिलेला नकार मात्र टिकू शकत होता.

येथून प्रकल्पाची दिशा बदलली. घरमालकिणी, दलाल, नेहमीची गिऱ्हाइके व पोलीस ह्या सर्वांशी बोलणी सुरू झाली. १९९५ मध्ये ह्या स्त्रियांची दुर्बार महिला समन्वय समिती स्थापन झाली आणि त्याच वर्षी ‘उषा’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था नोंदली गेली. बचत आणि वाजवी व्याजाचे कर्ज ह्या गोष्टी वरवर पाहता आरोग्याशी असंबद्ध वाटतात. वस्तुतः सावकाराचा पाश सैल झाला तेव्हाच गिऱ्हाइकाला नकार देण्याचे सामर्थ्य आले. दशकाच्या अखेरीस कंडोमचा वापर सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. ज्या काळात मुंबईतील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये संसर्गाचे प्रमाण ५० टक्क्यांच्या पुढे गेले, त्या काळात सोनागाछीत ते ५ ते १० टक्क्यांच्या आसपास राहिले.

अशा तुलनेवरून कार्यकारणसंबंध सिद्ध होतो असे मात्र नव्हे. दोन शहरांतील साथीचा आरंभकाळ, स्त्रियांचे स्थलांतर, गुप्तरोगांचे प्रमाण ह्या सर्वच बाबतींत भेद असू शकतात. ही शंका फेडण्याच्या हेतूने उत्तर बंगालमधील दोन लहान नगरांत नियंत्रित प्रयोग करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक नगरातील १०० स्त्रियांचा त्यात समावेश होता. एका नगरात सोनागाछीच्या धर्तीवर काम झाले, दुसऱ्यात नेहमीच्या आरोग्यसेवा चालू राहिल्या. पहिल्या नगरात कंडोमचा वापर ३९ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्यात ११ टक्क्यांनी. संख्या लहान आहे. तथापि संघटन हा आरोग्यसेवेचा पूरक अलंकार नसून तिचा कार्यकारी भाग आहे, ह्या म्हणण्यास तिने आधार दिला.

महाराष्ट्रात ह्याच दिशेचे काम सांगलीत उभे राहिले. मीना शेषू ह्यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये ‘संग्राम’ ही संस्था सुरू झाली आणि तिच्या कार्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ आकारास आली. संघटनेच्या नावात ‘अन्याय’ हा शब्द आहे, रोगाचा उल्लेख नाही, ही गोष्ट आकस्मिक म्हणता येणार नाही. कंडोमचे वाटप हे ह्या संघटनेचे एक काम आहे, आणि पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध तक्रार नोंदविणे हेही तिचेच काम आहे. कारण दुसऱ्याच्या अभावी पहिले व्यर्थ जाते.

कायदा आणि भय

निर्णयाची सत्ता कोठे आहे हे ओळखल्यानंतर राज्यसंस्थेने तेथे दडपण आणावे की नाही, हा पुढील प्रश्न उद्भवतो. त्याची दोन परस्परविरुद्ध उदाहरणे एकाच काळातील आहेत.

थायलंडमध्ये डॉ. विवत रोजनापित्तयाकोर्न ह्यांनी १९८९ साली राचबुरी प्रांतात एक योजना आखली व पुढे ती देशभर लागू झाली. प्रांतातील सर्व कुंटणखान्यांत कंडोमवाचून व्यवहार होऊ नये, असा नियम एकाच वेळी करण्यात आला. नियमाचा भार स्त्रीवर न टाकता मालकावर टाकण्यात आला. गुप्तरोग घेऊन दवाखान्यात येणाऱ्या पुरुषाला तो कोठे गेला होता हे विचारले जाई, आणि त्या उत्तरावरून नियम मोडणारे ठिकाण कळे. नियम सर्वत्र एकच असल्याने गिऱ्हाइकाला शेजारच्या दारी जाण्याची सोय उरली नाही. सोनागाछीत जे काम संघटनेने केले ते येथे प्रशासनाने केले. १९८९ ते १९९३ ह्या काळात अशा संबंधांतील कंडोमचा वापर १४ टक्क्यांवरून ९४ टक्क्यांवर गेला आणि पुरुषांमधील पाच प्रमुख गुप्तरोगांची नोंद ७९ टक्क्यांनी घटली. ह्या योजनेत स्त्रियांचे मत विचारात घेतले गेले नाही व त्यांच्या तपासणीत सक्तीचा अंश होता, अशी टीका पुढे झाली व ती रास्त आहे. तरीही दडपण कोणावर आणावयाचे ह्याची निवड तिने अचूक केली होती, हे मान्य करावे लागते.

गोव्यात ह्याच वर्षी, म्हणजे १९८९ मध्ये, नेमकी उलट निवड झाली. डॉमिनिक डिसोझा ह्या तरुणाने रक्तदान केले होते. त्या रक्ताच्या तपासणीत संसर्ग आढळला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील दुरुस्तीचा आधार घेऊन त्यांना पोलिसांकरवी ताब्यात घेण्यात आले व ६४ दिवस एकांतवासात ठेवण्यात आले. त्यांच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांची सुटका झाली, परंतु न्यायालयाने कायद्यातील ती तरतूद वैध ठरविली. डिसोझा ह्यांनी पुढे संसर्गित व्यक्तींसाठी कार्य आरंभिले आणि १९९२ साली त्यांचा मृत्यू झाला.

ह्या घटनेकडे केवळ अन्याय म्हणून पाहणे पुरेसे नाही. वर्तनशास्त्राच्या दृष्टीनेही ती उद्बोधक आहे. सार्वजनिक हितासाठी स्वेच्छेने पुढे आलेल्या मनुष्यास शिक्षा झाली, ही वार्ता ज्याने ज्याने ऐकली त्याने तपासणीपासून दूर राहावे हे स्वाभाविकच होते. हवेतून न पसरणाऱ्या रोगात एका व्यक्तीस कोंडल्याने संक्रमण थांबत नाही. मात्र त्या भयाने असंख्य व्यक्ती अज्ञात राहतात, आणि अज्ञात संसर्ग हाच साथीचा मुख्य आधार असतो. भारतीय कायद्याने ह्यातून योग्य तो बोध घ्यावयास बराच काळ लागला. तपासणीपूर्वी संमती आवश्यक मानणारा आणि नोकरी, शिक्षण व उपचार ह्यांतील भेदभावास मनाई करणारा कायदा २०१७ साली संमत झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्याच महिन्याच्या ६ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमातून प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध वगळले. त्या वादाचा आरंभ २००१ मध्ये नाझ फाउंडेशनने दिल्ली उच्च न्यायालयात केलेल्या ज्या याचिकेने झाला, तिचा एक मुख्य मुद्दा आरोग्याचाच होता: गुन्हेगार ठरविले गेलेले लोक आरोग्यसेवेपर्यंत पोहोचत नाहीत.

उत्तर आणि सत्य

येथवरच्या विवेचनात सामाजिक शास्त्रे वैद्यकाच्या चुका दाखवून देतात, असा भास होण्याचा संभव आहे. ह्यासाठी त्यांच्या स्वतःच्या साधनांचा एक मोठा पराभव येथे नोंदणे अगत्याचे आहे.

दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे ह्या देशांत २००९ ते २०१२ ह्या काळात ‘व्हॉइस’ ह्या नावाने ओळखली जाणारी औषधचाचणी झाली. संसर्ग होण्यापूर्वीच विषाणुरोधक औषध घेतल्यास स्त्रियांचे रक्षण होते काय, हे तिने पाहावयाचे होते. ५,०२९ स्त्रिया तिच्यात सहभागी झाल्या. काहींना रोज घ्यावयाच्या गोळ्या, काहींना रोज लावावयाचे औषधी मलम व काहींना औषधविरहित गोळी किंवा मलम देण्यात आले. स्त्रिया दरमहा येत, औषध घेत असल्याचे सांगत आणि उरलेल्या गोळ्या परत करीत. त्यांच्या सांगण्यावरून औषध घेण्यातील नियमितता सुमारे ९० टक्के होती. परत आलेल्या गोळ्यांची मोजदादही जवळजवळ तेच सांगत होती. प्रत्यक्षात कोणत्याही औषधाने रक्षण झाल्याचे आढळले नाही. चाचणीअंती साठविलेल्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा औषधाचा अंश जेमतेम २५ ते ३० टक्के नमुन्यांत सापडला. औषध अपयशी ठरले नव्हते. ते घेतलेच गेले नव्हते. तरुण व अविवाहित स्त्रियांमध्ये संसर्गाचा वेग सर्वाधिक होता, आणि औषधाचा वापर त्यांच्यातच सर्वांत कमी होता.

ह्या स्त्रिया खोटे बोलल्या, असे म्हणून हा विषय संपविता आला असता. चाचणीशी संलग्न असलेल्या समाजशास्त्रीय संशोधकांनी तसे केले नाही. त्यांनी काही स्त्रियांची पुन्हा भेट घेतली, रक्तातील औषधाचे प्रमाण त्यांच्यासमोर ठेवले आणि आरोप न करता कारणे विचारली. मिळालेली उत्तरे परस्परांशी सुसंगत होती. ह्याच गोळ्या एड्सच्या रुग्णांना दिल्या जातात. त्या घरात सापडल्या तर शेजारी व जोडीदार रोगी समजतील, ही भीती होती. निरोगी शरीरास औषध का द्यावे, हे पटलेले नव्हते. औषधाच्या दुष्परिणामांविषयी वदंता पसरल्या होत्या आणि त्या प्रतीक्षालयातच एकीकडून दुसरीकडे जात होत्या. मग चाचणी सोडून का दिली नाही? कारण तेथे नियमित तपासणी होत होती, चांगली वागणूक मिळत होती, आणि खरे सांगितले तर ती सारी बंद होईल अशी शंका होती.

म्हणजे ‘आपण औषध घेता काय?’ हा प्रश्न विचारणारी परिचारिका आणि उत्तर देणारी स्त्री ह्यांच्यामध्येही एक संबंध होता, आणि त्या संबंधात होकार हेच एकमेव सुरक्षित उत्तर होते. प्रश्नावलीने वर्तन मोजले नाही; तिने हा संबंध मोजला. दवाखाना हे तटस्थ निरीक्षणस्थान आहे, असे गृहीत धरून चालल्याने हजारो भेटींची नोंद निरुपयोगी ठरली. मुलाखतीतील उत्तर ही सामाजिक घटना असते, हे तत्त्व समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पूर्वीपासून होते. चाचणीच्या रचनेत मात्र त्याला स्थान मिळाले नाही.

ह्याच्या जोडीला दुसरी एक चाचणी ठेवली असता प्रश्न अधिक उलगडतो. केनिया व युगांडामध्ये ज्या जोडप्यांत एकालाच संसर्ग होता अशा सुमारे ४,७५० जोडप्यांमध्ये, निरोगी जोडीदारास तशाच प्रकारच्या गोळ्या देण्यात आल्या. २०११ मध्ये तिचे निष्कर्ष हाती आले, तेव्हा दोन औषधांच्या संयुक्त गोळीने ७५ टक्के रक्षण झाल्याचे दिसले. आणि रक्ताच्या तपासणीत बहुसंख्य नमुन्यांत औषध सापडले. औषध तेच, खंड तोच, परिणाम भिन्न. नॉर्मा वेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या जोडप्यांच्या मुलाखतींवरून त्याचे कारण मांडले आहे. पतिपत्नींपैकी एकास रोग आहे आणि तरीही एकत्र राहावयाचे आहे, हा त्या घरातील पेच होता. गोळी हा त्या पेचातून सुटण्याचा मार्ग ठरला, म्हणून जोडीदारच तिची आठवण करून देई. एका ठिकाणी गोळी संबंध धोक्यात आणणारी वस्तू होती, तर दुसऱ्या ठिकाणी तीच संबंध टिकविणारी होती. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ह्या दोन गोळ्यांत महत्त्वाचा भेद नाही. समाजशास्त्राच्या दृष्टीने त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

मोजणीचे शास्त्र

सामाजिक शास्त्रांचे आणखी एक कार्य असे आहे की, ते फारसे चर्चिले जात नाही, परंतु सर्व धोरणे त्यावर उभी असतात. ते म्हणजे किती लोकांना संसर्ग आहे ह्याचा अंदाज बांधणे. भारतातील संसर्गित व्यक्तींची संख्या ५० लक्षांहून अधिक आहे, असे २००५–०६ पर्यंत मानले जात होते. हा अंदाज मुख्यतः सरकारी प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रे व गुप्तरोगांचे दवाखाने येथील नमुन्यांवर आधारलेला होता. ज्या लोकांकडे खासगी उपचारासाठी पैसा नाही किंवा ज्यांना रोगाची शंका आहे, असेच लोक अशा ठिकाणी अधिक प्रमाणात येतात. त्यांच्यावरून सर्व समाजाचे अनुमान काढल्यास ते फुगणारच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५–०६ मधील तिसऱ्या फेरीत घराघरांतून नमुना निवडून एक लक्षाहून अधिक व्यक्तींचे रक्त तपासण्यात आले. १५ ते ४९ वयोगटात संसर्गाचे प्रमाण ०.२८ टक्के आढळले. ह्या व अन्य माहितीच्या आधारे २००७ मध्ये देशाचा अंदाज सुमारे २५ लक्षांवर आणण्यात आला. म्हणजे केवळ नमुनानिवडीच्या प्रश्नाने संख्या निम्म्यावर आली. ह्याचा अर्थ समस्या लहान ठरली असा घेणे चुकीचे होईल. घरगुती पाहणीलाही स्वतःच्या मर्यादा आहेत. स्थलांतरित मजूर, तुरुंगातील बंदी आणि ज्यांना घरच नाही असे लोक तिच्या जाळ्यातून निसटतात, आणि ह्यांच्यापैकीच अनेकांना संसर्गाची शक्यता अधिक असते. कोण मोजला जातो आणि कोण मोजला जात नाही, हा तांत्रिक प्रश्न दिसत असला तरी औषधे कोठे पाठवावयाची हे त्यावरच ठरते.

यापुढील प्रश्न

अलीकडील वैद्यकीय प्रगतीमुळे ह्या सर्व विवेचनाची गरज उरली आहे काय, असा आक्षेप घेता येईल. पुणे व चेन्नई ही ज्या चाचणीची केंद्रे होती त्या बहुराष्ट्रीय चाचणीने २०११ साली असे दाखवून दिले की, संसर्गित व्यक्तीस लवकर उपचार दिल्यास तिच्याकडून जोडीदारास होणारे संक्रमण ९६ टक्क्यांनी घटते. २०२४ मध्ये लेनाकापॅविर ह्या औषधाच्या चाचणीत वर्षातून दोनदा इंजेक्शन घेतलेल्या दक्षिण आफ्रिका व युगांडातील २,१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. रोजची गोळी नको, घरात डबी नको, जोडीदाराची संमती नको. ‘व्हॉइस’ चाचणीत उघड झालेल्या अडचणींपैकी बहुतेक येथे नाहीशा झाल्या आहेत.

ही प्रगती थोर आहे, आणि ती होण्यामागे त्या पराभवाच्या प्रामाणिक चिकित्सेचाही वाटा आहे. औषध स्त्रीच्या जीवनात बसणारे हवे, हा आग्रह त्यातूनच दृढ झाला. परंतु अडचणी नाहीशा झाल्या त्या गोळी घेण्याच्या. दवाखान्याच्या दारापर्यंत येण्याच्या नव्हेत. लवकर उपचार मिळण्यासाठी आधी तपासणी व्हावी लागते, आणि गोव्यातील घटनेने जे भय निर्माण केले त्याच्या छटा आजही पुष्कळ ठिकाणी आढळतात. सहा महिन्यांनी पुन्हा यावयाचे तर तोवर ते केंद्र चालू असावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी साहाय्य स्थगित केले, तेव्हा अनेक देशांतील एचआयव्हीविषयक सेवा विस्कळीत झाल्या. औषधाच्या गुणात त्यामुळे काहीच उणे झाले नव्हते. आणि पुण्याच्या पाहणीतील त्या विवाहित स्त्रियांचा प्रश्न तर अजून तसाच आहे. ज्या स्त्रीला आपणास धोका आहे हेच ठाऊक नाही, किंवा ठाऊक असूनही ते बोलून दाखविता येत नाही, ती प्रतिबंधक इंजेक्शन मागण्यासाठी येणार कशी?

एचआयव्हीच्या क्षेत्रात संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास ह्या अनुभवावरून तीन प्रश्नांचा क्रम आखता येईल. ज्या वर्तनाचा अभ्यास करावयाचा ते नेमके कोणाच्या अधिकारातले आहे? ते वर्तन करणाऱ्या व्यक्तीने संशोधकास खरे सांगावे, अशी परिस्थिती आहे काय? आणि ज्या लोकांचे अनुमान काढावयाचे ते सर्व नमुन्यात आले आहेत काय? ह्यांपैकी पहिला प्रश्न सोनागाछीने, दुसरा ‘व्हॉइस’ चाचणीने आणि तिसरा २००७ च्या सुधारित अंदाजाने उपस्थित केला. तिन्हींची उत्तरे प्रयोगशाळेत मिळणारी नाहीत. ती न मिळविता केलेला प्रयोगशाळेतील श्रम मात्र वाया जाऊ शकतो, हे ५,०२९ स्त्रियांच्या त्या चाचणीने पुरेशा स्पष्टपणे दाखवून दिले आहे.